निळी वायर: कोल्हापुरातल्या एका गाडीच्या रेडिओचं प्रकरण

गाडी २०१८ सालची, सेदान, सेट कंपनीनंच बसवून दिलेला. मालक गूळ व्यापारी, शाहू मार्केट यार्डात आडत. यार्डात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणतो. माझा धंदा गाड्यांच्या वायरिंगचा. आप्पांची गाडी आमच्याकडं हॉर्न-बॅटरीच्या कामाला येत असे. या वेळी मात्र तक्रार वेगळी होती.

‘‘मिस्त्री, पोरानं हे टीव्हीएवढं डबडं बसवून घेतलंय. त्यात माझा रेडिओच लागत न्हाई. हे काढा आन् जुना सेट बसवा.’’

जुना सेट त्यांनी धोतराच्या फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवला होता. आजकाल असं कुणी करत नाही. कंपनीचा सेट निघाला की तो भंगारात जातो किंवा बसवणाराच शंभर-दोनशे कमी करून ठेवून घेतो. आप्पांनी तो जपला म्हणूनच हे प्रकरण तपासता आलं. एकाच गाडीत जुना सेट, नवा सेट आणि खिशातला फोन, अशी तिन्ही साधनं त्याच रस्त्यांवर लावून बघता आली.

जुन्या सेटवर एफएम होतं, एएम होतं आणि तिसरं एक बटण होतं, डीआरएम. हाच डिजिटल रेडिओ. गाडी ताब्यात देताना शोरूममधल्या पोरानं ब्लूटूथ जोडून दाखवलं, मागचा कॅमेरा दाखवला, पेढे दिले. डीआरएमबद्दल अक्षर काढलं नाही, कारण त्यालाही कुणी सांगितलेलं नसावं. स्टिअरिंगवरचं मोडचं बटण दाबत गेलं की एफएम, एएम, डीआरएम, यूएसबी, ब्लूटूथ असं एकेक पुढं सरकायचं. डीआरएमवर आलं की गाडी मुकी व्हायची. मग आप्पा आणखी एकदा बटण दाबून पुढं जायचे. गाडीतला डिजिटल रेडिओ त्यांनी इतकी वर्षं वापरला तो एवढाच: ओलांडून जायची एक पायरी म्हणून.

हे काही आप्पांचंच नव्हतं. २०१७ पासून मारुती सुझुकी, ह्युंदाई, महिंद्रा, टोयोटा यांच्या कित्येक मॉडेलांत डीआरएम सेट वेगळे पैसे न घेता बसून आले. डीआरएमचा पुरस्कार करणारी संस्था अशा गाड्यांचा आकडा ५० लाखांच्या वर सांगते. आकडा खरा मानायला माझी हरकत नाही. माझ्याकडं येणाऱ्या गाड्यांत हे सेट मी पाहतोच. पण ‘डीआरएम लागत नाही, बघा जरा’ असं म्हणत आलेलं गिऱ्हाईक मला आठवत नाही. जे कधी लागलंच नाही त्याची तक्रार कोण करणार?

कोल्हापूर नकाशात कुठं बसतं

डीआरएम म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्याकडं एएमच्या, म्हणजे जुन्या मध्यमलहरीच्या पट्ट्यातच आवाज डिजिटल करून पाठवायचा. एका अरुंद वाहिनीत सेकंदाला साधारण २० किलोबिट मावतात. आवाज दाबून पाठवायची पद्धत चांगली असल्यामुळं तेवढ्यातही आवाज एएमपेक्षा कितीतरी स्वच्छ येतो, सोबत केंद्राचं नाव आणि मजकूरही पाठवता येतो. वीजही कमी लागते. कागदावर सगळं उत्तम.

आकाशवाणीनं देशभरात ३५ मध्यमलहरी प्रक्षेपक या पद्धतीचे केले. आपल्या बाजूला बघायचं तर मुंबई १०४४ किलोहर्ट्झ, पुणे ७९२, पणजी १२८७ आणि धारवाड ७६५. आता कोल्हापूर मध्ये ठेवा. पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढं. धारवाड त्याहून जवळ, पण कानडी. पणजी सह्याद्रीच्या पलीकडं. सगळ्यात जवळचं मध्यमलहरी केंद्र सांगली, १२५१ किलोहर्ट्झ. १९६३ पासून चालू असलेलं आणि आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या कानात बसलेलं. ते या यादीत नव्हतं. आणि कोल्हापूरचं स्वतःचं आकाशवाणी केंद्र एफएमवर, १०२.७. त्याच्या शेजारी ९४.३ वर टोमॅटो, ९८.३ वर मिर्ची. ही खासगी केंद्रंही एफएम, तेही साधं, डिजिटल नव्हे.

म्हणजे कोल्हापूरकराच्या गाडीत डिजिटल सेट होता, पण कोल्हापुरातून डिजिटल काही सुटतच नव्हतं. माझ्या मते या प्रकरणाची मुख्य गाठ इथं आहे. डिजिटल रेडिओला इंटरनेटनं हरवलं असं सगळे म्हणतात. आमच्या गावात तर सामनाच झाला नाही.

त्यात वेळ कशी साधली गेली तीही बघा. डिजिटल प्रक्षेपकांचं जाळं उभं राहून डीआरएमवाल्या गाड्या बाजारात आल्या २०१७ मध्ये. त्याच्या आदल्या सप्टेंबरात, २०१६ ला, जिओ आलं आणि डेटा मातीमोल झाला. अँड्रॉइड ऑटो आणि ॲपल कारप्ले त्याआधीच, २०१४-१५ मध्ये निघाले होते. २०१९ च्या फेब्रुवारीत स्पॉटिफाय भारतात आलं. मध्यमलहरीवरून लोक एफएमकडं गेले त्याला तोवर बरीच वर्षं झाली होती. माणसं ज्या वाड्यातून कधीच उठून गेली, त्या वाड्याला नवा रंग दिला, असला तो प्रकार होता.

तपास: तीन रस्ते

आप्पांना तीन बाजूंना जावं लागतं. पुण्याला मार्केट यार्डात. निपाणी-संकेश्वरकडं गुऱ्हाळवाल्यांकडं. आणि गणपतीच्या आधी कोकणात, फोंडा घाट उतरून कणकवलीच्या दुकानदारांकडं, कारण मोदकाला कोल्हापुरी गूळच पाहिजे असा तिथला हट्ट असतो. मी आप्पांना सांगितलं, जुना सेट तात्पुरता जोडतो, नवाही राहू दे, जरा फिरून बघू. ‘‘बघा, पण पोराला सांगू नका,’’ म्हणाले.

पुण्याच्या रस्त्यावर १०२.७ पेठ नाक्यापर्यंत ठणठणीत चालतं, कराडच्या अलीकडं खरखर सुरू होते. पुणे ७९२ चं डिजिटल साताऱ्याच्या आसपास अधूनमधून धरायचं आणि सोडायचं. पक्कं झालं ते खंबाटकी उतरल्यावर. आवाज खरोखर चांगला. आप्पा म्हणाले, ‘‘हे तर सीडीवानी वाजतंय की!’’ पण शिरवळच्या पुढं पुण्याचं एफएमही मस्त लागतं. म्हणजे डिजिटल नीट लागायला लागलं तिथं त्याची गरज संपली होती.

डिजिटल संकेत, म्हणजे सिग्नल, कमी पडला की काय होतं तेही या रस्त्यावर कळलं. एफएम आधी खरखरतं, मग दुसऱ्या केंद्राचा आवाज मिसळतो, बोलणं तुटत-तुटत जातं. पण तोवर आपण कान लावून अर्धी बातमी ऐकलेली असते. डीआरएमला मधली अवस्थाच नाही. आहे तर स्वच्छ आहे, नाही तर शांत. परत सूर धरायलाही काही सेकंद जातात. गाडी चालवणाऱ्या माणसाला शांतता म्हणजे बिघाड वाटतो. खरखर म्हणजे लांब आलो एवढंच वाटतं.

निपाणीची बाजू मला अनपेक्षित गेली. तवंदी घाट ओलांडून संकेश्वरकडं लागलो तसं धारवाड ७६५ डिजिटलवर स्थिर झालं. धारवाडचा प्रक्षेपक २०० किलोवॉटचा, पुण्याच्या दुप्पट. आप्पांची आई चिकोडीकडची, त्यामुळं त्यांना कानडी येतं, बोलायला थोडं अडखळत, पण ऐकायला पूर्ण. कुणीतरी सतारीवर वाजवत होतं, मध्ये निवेदिका बोलली आणि आप्पा एकदम हसले. काय म्हणाली ती, विचारलं तर म्हणाले, ‘‘काय न्हाई, आईसारखं बोलली.’’ एवढा एक रस्ता सोडला तर डिजिटल रेडिओनं त्या गाडीत कुणाला काही दिलं असं मला म्हणता येत नाही. पण दिलं तेवढं दिलं.

जाताना एक गोष्ट सापडली. कागलजवळ धारवाड अजिबात धरेना. मी सिगारेट लायटरच्या खोबणीतला चार्जर उपटला, तसा एएमवरचा गोंगाट निम्म्यावर आला आणि थोड्या वेळानं डिजिटलही एकदा चमकून गेलं. आप्पांच्या गाडीत समोरच्या काचेवर कॅमेरा आहे, त्याला हा स्वस्तातला चार्जर. असल्या चार्जरमधलं सर्किट मध्यमलहरीच्या पट्ट्यातच घाण सोडतं. विजेवरच्या गाड्यांत हाच त्रास मोटरच्या सर्किटमुळं मोठ्या प्रमाणावर होतो. टेस्लासारख्या काही कंपन्यांनी एएम काढून टाकलं त्यामागं हेच कारण सांगितलं जातं. अमेरिकेत २०२३ मध्ये फोर्डनंही एएम काढायचं ठरवलं आणि आरडाओरडा झाल्यावर माघार घेतली. आपल्याकडं डिजिटल रेडिओ नेमका याच पट्ट्यात नेऊन ठेवलाय.

तिसरा रस्ता राधानगरीचा. दाजीपूरचं जंगल लागलं की फोनचे दांडे एकेक करून गळतात. ॲपमधून चालू असलेलं विविध भारती थोडा वेळ साठवलेल्या आवाजावर चालतं, मग ते चक्र फिरायला लागतं. मग बंद. एफएम वळणावळणाला येतं-जातं, घाट उतरताना जवळपास नाहीच. डिजिटल पूर्ण मुकं. पण जुन्या सेटवर एएम लावलं तर सांगली १२५१ आली! खरखर होती, पण बाई बाजारभाव सांगत होत्या ते कळत होतं. मध्यमलहर जमिनीला धरून चालते, डोंगराआडही थोडीफार वळते. त्या घाटात तीन नव्या सोयी गप्प होत्या आणि सगळ्यात जुनी तेवढी बोलत होती. आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू हे मी मुद्दाम घडवून आणलं.

खरा बिघाड

आता मूळ तक्रारीकडं. नव्या नऊ इंची अँड्रॉइड सेटवर एफएम का लागत नव्हतं?

सेट बाहेर ओढला. मागं कपलर नीट, फ्रेम नीट, कॅमेऱ्याची वायर नीट. अँटेनाची पिन जोडलेली. कंपनीची अँटेना फॅक्रा पिनवर येते आणि बाजारातल्या सेटला जुन्या पद्धतीची जाड पिन लागते, म्हणून मध्ये एक जोडतुकडा घालतात. त्या जोडतुकड्यातून एक निळी वायर बाहेर येते. या गाडीत ती वायर टेप लावून मागं दुमडून ठेवलेली.

तीच गोम. आजकाल गाड्यांच्या टपावर लांब दांडी नसते, बोटभर काडी असते किंवा माशाच्या परासारखा तुकडा. एवढ्याशा अँटेनानं पुरेसा संकेत मिळत नाही, म्हणून तिच्या बुडाशी छोटा ॲम्प्लिफायर असतो. त्याला १२ व्होल्ट लागतात. कंपनीचा सेट ते अँटेनाच्या केबलमधूनच देतो. बाहेरच्या सेटला ते निळ्या वायरीनं द्यावे लागतात. बसवणाऱ्यानं ती जोडली नाही तर ॲम्प्लिफायर उपाशी राहतो आणि गावातलं केंद्रसुद्धा कुंथत लागतं.

वायर जोडली. शाहूपुरीत दुकानासमोर उभ्या गाडीत १०२.७ घणघणलं. आप्पांच्या तोंडून जी शिवी निघाली ती इथं लिहीत नाही.

हे एका गाडीचं झालं, पण मी वायरिंगवाला म्हणून सांगतो, निळी वायर दुमडलेल्या गाड्या या गावात पैशाला पासरी आहेत. सेट बसवायला दिवाळीत रांग असते. गिऱ्हाईक बघतं काय? स्क्रीन मोठा आहे का, फोन जोडला जातो का, यूट्यूब चालतं का. रेडिओ लावून कुणी तपासत नाही. मग पंधरा दिवसांनी कधीतरी लावतो, खरखर येते, आणि माणूस म्हणतो, ‘एफएमला आता पूर्वीसारखी रेंज नाही राहिली.’ रेंज आहे. प्रक्षेपक तिथंच उभा आहे. रेडिओ संपत चालल्याची जी आकडेवारी लोक मांडतात, तीत या दुमडलेल्या वायरींचा वाटा किती, हे कुणी मोजत नाही. त्यात एक दुखणं आणखी: अशा बहुतेक सेटांत एएम एकतर नसतंच किंवा नावाला असतं. डीआरएमचा प्रश्नच नाही. कंपनीचा सेट भंगारात गेला की डिजिटल रेडिओही त्याच्याबरोबर गेला, आणि मालकाला पत्ताही लागत नाही.

कंपनीचे नवे सेटही फार वेगळे नाहीत. फोन जोडला की त्याचीच चित्रं स्क्रीन व्यापतात. रेडिओ दुसऱ्या पानावर, कोपऱ्यात. पूर्वी गोल बटण फिरवलं की काम व्हायचं, आता हायवेवर ऐंशीच्या वेगात तीनदा बोट लावा. आवाजाच्या दर्जावर लढाई झाली असती तर डिजिटल रेडिओ निदान उभा तरी राहिला असता. ती लढाई झाली समोरच्या स्क्रीनच्या पहिल्या पानावर कोण बसतो यावर.

पोराची बाजू

आप्पांच्या पोराची बाजू घेतली नाही तर लिखाण एकांगी होईल. पोरगं शहाणं आहे. त्याचं म्हणणं: रेडिओवर दुसऱ्यानं लावलेलं ऐकायचं, इथं माझं मी लावतो. यावर माझ्याकडं उत्तर नाही. डेटा महाग पडेल हे आप्पांचं म्हणणं तर साफ चुकीचं निघालं. ६४ किलोबिटनं आवाज चालवला तर तासाला २९ एमबीच्या आत जातात. पुण्यापर्यंतचे चार तास धरले तरी ११५-१२०. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये ते कुठं गेले कळतही नाही. पैसा हा मुद्दा राहिलाच नाही.

शिवाय आप्पांना जे ऐकायचं असतं तेही इंटरनेटवर आहेच. आकाशवाणीच्या न्यूजऑनएअर ॲपवर देशभरातली दोनशेच्या वर केंद्रं लागतात, विविध भारतीसुद्धा, कोल्हापूरही. म्हणजे फोंडा घाट सोडला तर आप्पांना धारवाड ऐकायला धारवाडजवळ जायची गरज उरलेली नाही. गाडी कात्रजला असताना त्यांनी कोल्हापूर केंद्र लावलं आणि यार्डातल्या भावाला फोन करून सांगितलं. ज्यानं डिजिटल रेडिओ मोडीत काढला असं म्हणतात त्या फोननंच आकाशवाणी सगळीकडं पोचवली. रस्ता बदलला, केंद्र तेच. आकाशवाणीचं यात नुकसान झालं असं मी म्हणणार नाही. नुकसान झालं ते प्रक्षेपकांवरच्या खर्चाचं.

एक उणीव मात्र राहते. इंटरनेटवरचा आवाज अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त मागं असतो. क्रिकेटचं समालोचन ऐकताना शेजारच्या गाडीत एफएमवर आरोळी उठते आणि आपला गोलंदाज अजून धावतोच आहे. आप्पांना हे अपमानास्पद वाटतं.

पूर

जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला पूर आला तेव्हा आप्पा पुण्याहून परतत होते. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, वाहतूक बंद, मागं ट्रकांची रांग. २०१९ च्या ऑगस्टमध्येही हेच झालं होतं. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. अशा वेळी वीज आधी जाते, टॉवर काही काळ बॅटरीवर तग धरतो, मग तोही जातो. ज्याची रेंज शिल्लक असते त्यावर सगळा तालुका तुटून पडतो. आप्पांच्या गाडीत तेव्हा कंपनीचाच सेट होता. फोन घरच्यांसाठी राखून ठेवला आणि गाडीच्या बॅटरीवर एफएम लावून पाणीपातळी ऐकत बसले. पुढं नवा सेट बसला आणि एफएम मुकं झालं, तेव्हा त्यांचा जो संताप झाला त्याचं मूळ इथं आहे. पोराला वाटलं, म्हातारा जुन्या गाण्यांसाठी रडतोय.

डीआरएममध्ये संकटाच्या वेळी सेट आपोआप इशाऱ्याच्या वाहिनीवर नेण्याची सोय तयार आहे. पुराच्या जिल्ह्याला याहून उपयोगी काय असणार! पण त्यासाठी या जिल्ह्यात डिजिटल संकेत पोचला पाहिजे.

बाहेर काय झालं

परदेशातली उदाहरणं लोक दोन्ही बाजूंनी फेकतात, म्हणून दोनच सांगतो. नॉर्वेनं २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं आणि सगळ्यांना डॅब या डिजिटल पद्धतीवर नेलं. ते जमलं, कारण मागं परतायची वाटच ठेवली नाही आणि संकेत आधी देशभर पोचवला. आयर्लंडमध्ये उलट झालं. तिथल्या सरकारी आरटीईनं ३१ मार्च २०२१ ला डॅब प्रक्षेपण बंद करून टाकलं. एफएम होतं, इंटरनेट होतं, मधल्याचं कुणाला काम नव्हतं. युरोपात तर डिसेंबर २०२० पासून नव्या गाड्यांत डिजिटल रेडिओ बंधनकारक आहे. आपण नॉर्वेसारखी सक्ती केली नाही आणि आयर्लंडसारखा निर्णयही घेतला नाही. प्रक्षेपक उभे केले, सेट गाड्यांत आले, आणि दोघांची गाठ घालून द्यायचं कामच राहून गेलं.

आता दुसरी फेरी चालू आहे. खासगी एफएमला डिजिटल करण्याबाबत ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं ऑक्टोबर २०२५ मध्ये शिफारशी दिल्या. सुरुवात मोठ्या १३ शहरांपासून, साधं एफएम आणि डिजिटल दोन्ही एकाच वेळी चालू ठेवून, देशभर तंत्रज्ञान मात्र एकच. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर. कोल्हापूर नाही. पुन्हा तेच, म्हणजे पुण्यात लागेल आणि आपल्याकडं बटण ओलांडून जावं लागेल. या वेळी निदान एफएमच्या पट्ट्यात करतायत, जिथं ऐकणारा आहे, एवढी सुधारणा मी मान्य करतो. पण माझं मत विचाराल तर कोल्हापूरनं डिजिटलच्या मागं धावू नये. १०२.७ चा प्रक्षेपक पुरात चालू राहील एवढं डिझेल आणि सांगलीची मध्यमलहर, या दोन गोष्टींसाठी भांडावं.

निकाल

आप्पा जुना सेट परत बसवून घ्यायच्या तयारीनं आले होते. मी नको म्हटलं. पोराला मागचा कॅमेरा आणि नकाशा त्या मोठ्या स्क्रीनवर लागतो, आणि यार्डाच्या गर्दीत तो आप्पांनाही लागतो. शेवटी ठरलं ते असं. अँड्रॉइड सेट राहिला, निळी वायर जोडली, पहिल्या पानावर रेडिओचं चित्र आणून ठेवलं आणि स्टिअरिंगच्या मोड बटणाला एफएमवरच उघडायला शिकवलं. कॅमेऱ्याचा चार्जर बदलून चांगला घातला. फोनमध्ये न्यूजऑनएअर टाकलं. घाटासाठी अभंग आणि जुनी गाणी पोरानं फोनमध्ये उतरवून दिली. ते काम त्यानं न कुरकुरता केलं. एएम गेलं. त्याला इलाज नव्हता, म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यात सेलवरचा छोटा रेडिओ ठेवायला सांगितला. तो गाडी थांबवून, बाहेर उभं राहून ऐकावा लागतो, पत्र्याच्या आत मध्यमलहर नीट शिरत नाही.

जुना डीआरएम सेट आप्पांनी परत नेला नाही. माझ्या फळीवर आहे, गाडीचा नंबर लिहिलेली चिकटपट्टी लावून. मध्ये दुकानात सेट बदलायला आलेल्या संकेश्वरच्या एका माणसानं तो हातात घेतला, डीआरएमचं बटण बघितलं आणि विचारलं, हे काय असतं? त्याच्या गाडीतही होतं. मी सांगितलं, तुमच्याकडं धारवाड लागेल, काढायच्या आधी एकदा लावून बघा. गाडीत जाऊन बसला. बराच वेळ आलाच नाही. मग काच खाली करून म्हणाला, ‘‘मिस्त्री, आजच्या दिवस राहू द्या.’’